माफी कोणी मागायची?

१४ जानेवारी १९३३, शनिवार. ॲडलेडच्या मैदानावर पन्नास हजारांहून जास्त माणसं आली होती. इंग्लंडचा पहिला डाव ३४१ धावांवर आटोपला आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल वुडफुल सलामीला उतरला. हॅरॉल्ड लारवूडच्या दुसऱ्या षटकातला शेवटचा चेंडू आखूड टप्प्यावरून उसळला आणि थेट वुडफुलच्या छातीवर, काळजाच्या जागी बसला. त्याच्या हातातली बॅट गळून पडली. दोन्ही हातांनी छाती आवळून तो वाकला आणि तसाच लडखडत यष्ट्यांपासून बाजूला गेला. मैदानभर संतापाचा गलका उठला. त्या गलक्यात इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन लारवूडला म्हणाला, ‘‘छान टाकलास, हॅरॉल्ड.’’ समोरच्या टोकाला डॉन ब्रॅडमन उभा होता आणि ते शब्द त्याला ऐकू जावेत म्हणूनच उच्चारलेले होते.

या प्रसंगातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. वुडफुलला चेंडू लागला तेव्हा क्षेत्ररचना नेहमीचीच होती. स्लिपमध्ये माणसं उभी होती, लेगच्या बाजूला फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षकांचं जाळं लावलेलंच नव्हतं. लारवूडचं पुढचं षटक आलं, वुडफुल पुन्हा समोर उभा राहिला, तेव्हा जार्डिनने खेळ थांबवून एकेका क्षेत्ररक्षकाला ऑफकडून उचललं आणि लेगला, फलंदाजाच्या अंगाजवळ नेऊन उभं केलं. ज्याला श्वास घेणं जड जात होतं त्याच माणसाभोवती. लोक खवळले ते खरे या क्षणी. कुंपण ओलांडून जमाव आत येईल अशी भीती इंग्लंडच्या खेळाडूंना वाटू लागली होती.

चेंडू लारवूडच्या हातात होता. क्षेत्ररचना बदलण्याचा हुकूम त्याचा नव्हता. या माणसाबद्दल गेल्या नव्वद वर्षांत जे काही बोललं गेलं, त्यातलं निम्मं या एका फरकापाशी येऊन अडतं.

लारवूडचा जन्म १४ नोव्हेंबर १९०४ चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या ननकारगेट नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यातला. बाप खाणीत. पोरगा तेराव्या वर्षी शाळेतून निघाला, काही दिवस कामगारांच्या सहकारी दुकानात राबला आणि चौदाव्या वर्षी खाणीत गेला. तिथे त्याच्याकडे तट्टं सांभाळायचं काम होतं. जमिनीखालच्या बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढणारी ही तट्टं. अंधारात, वाकून, तासन्‌तास. त्याची उंची पाच फूट आठ इंचांच्या आसपासच होती, पण पाठ आणि खांदे त्या कामाने घडवलेले. अठराव्या वर्षी ट्रेंट ब्रिजवर त्याची चाचणी झाली, काउंटीने त्याला ठेवून घेतलं आणि खाण सुटली. १९२६ मध्ये तो लॉर्ड्‌सवर इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला. त्याच उन्हाळ्यात ब्रिटनभरचे खाणमालक आणि खाणकामगार यांच्यात टाळेबंदीचा मोठा झगडा चालू होता. ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडने ॲशेस परत मिळवली. लारवूड त्या संघात होता आणि त्याच्या गावच्या घरांत तेव्हा मजुरी येत नव्हती.

त्याच्या धावण्याच्या जुन्या चित्रफिती आजही पाहायला मिळतात. पावलं हलकी, हळूहळू वाढत जाणारा वेग, कुठे धसका नाही, ओढाताण नाही. पंच फ्रँक चेस्टर सांगत की हा गोलंदाज मागून धावत येतो तेव्हा पावलांचा आवाजच येत नाही. उंची कमी असल्यामुळे त्याचा आखूड चेंडू डोक्यावरून निघून जात नसे. तो घसरत यायचा आणि बरगड्यांच्या उंचीवर यायचा. असा चेंडू सोडता येत नाही आणि खेळलं तर झेल जायची धास्ती. शिवाय अचूकता. नुसता वेग असलेले गोलंदाज पुष्कळ होऊन गेले, पण त्या वेगात चेंडू हव्या त्या जागी पुन्हा पुन्हा टाकणारे फार थोडे. इंग्लंडच्या हंगामातल्या सरासरीत तो पाच वेळा पहिला आला. १९३२ च्या हंगामात त्याने १६२ बळी घेतले ते १२.८६ च्या सरासरीने.

त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटची घडण समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. तिथे खेळाडूंच्या दोन जाती होत्या. हौशी खेळाडूला ‘जंटलमन’ म्हणत. तो पैसे घेत नसे, कारण घरचा सुखवस्तू. दुसरा व्यावसायिक, पगारावर खेळणारा. दोघे एकाच संघात खेळायचे, पण पुष्कळ मैदानांवर कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या आणि मैदानात उतरायची दारंही वेगळी. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि व्यावसायिकाची नंतर. म्हणजे ‘डी. आर. जार्डिन’, पण ‘लारवूड, एच.’ व्यावसायिकाने हौशी कर्णधाराला ‘मिस्टर’ किंवा ‘सर’ म्हणायचं. कर्णधार अर्थातच हौशीच. १९६२ साल उजाडलं तेव्हा कुठे हा भेद अधिकृतपणे मोडला. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको.

आणि हा जार्डिन मूळचा मुंबईचा. २३ ऑक्टोबर १९०० ला मलबार हिलवर जन्मलेला. वडील मुंबईत मोठे वकील, पुढे मुंबई सरकारचे ॲडव्होकेट जनरल. मुलगा लहानपणीच विलायतेला शिकायला गेला, विंचेस्टर आणि ऑक्सफर्ड करून आला. ताठ, हुशार, अबोल आणि एकदा ठरवलं की माघार न घेणारा.

त्याने जे ठरवलं त्याचं कारण ब्रॅडमन. १९३० च्या इंग्लंड दौऱ्यात ब्रॅडमनने पाच कसोटींत ९७४ धावा केल्या, सरासरी १३९.१४. लीड्‌सला एकट्याच्या ३३४. त्या मालिकेत लारवूडला अवघे चार बळी मिळाले आणि एकेका बळीसाठी त्याने सत्तरहून जास्त धावा मोजल्या. आता १९३२-३३ च्या दौऱ्यावर ऑस्ट्रेलियात पुन्हा हाच फलंदाज, तोही टणक आणि उसळत्या खेळपट्ट्यांवर. मात्र १९३० च्या ओव्हल कसोटीत पावसानंतर खेळपट्टी थोडा वेळ बिघडली होती, तेव्हा लारवूडच्या उसळत्या चेंडूंपुढे ब्रॅडमन अस्वस्थ झालेला काहींनी पाहिला होता. त्या डावातही त्याने २३२ केल्या, पण जार्डिनला धागा सापडला. ऑगस्ट १९३२ मध्ये लंडनच्या पिकॅडिली हॉटेलात एक जेवण झालं. जार्डिन, नॉटिंगहॅमशायरचा कर्णधार आर्थर कार आणि त्याचे दोन वेगवान गोलंदाज, लारवूड व बिल व्होस. तिथे आखणी झाली.

कल्पना नवी नव्हती. लेगला क्षेत्ररक्षक लावून लेग स्टंपच्या रोखाने गोलंदाजी करण्याची चाल जुनी आहे आणि १९११-१२ मध्ये फ्रँक फॉस्टरने ती ऑस्ट्रेलियात वापरलेली होती. जार्डिनने त्याचाही सल्ला घेतला. नवा होता तो वेग आणि टप्पा. चेंडू आखूड टाकायचा, लेग स्टंपच्या रेषेत, म्हणजे तो फलंदाजाच्या बरगड्या, खांदा किंवा गळ्याकडे येतो. लेगला पाच-सहा क्षेत्ररक्षक अर्धवर्तुळ करून अगदी जवळ उभे आणि उंच फटक्यासाठी मागे सीमेवर आणखी दोघं. आता फलंदाजाने काय करायचं? बॅटने अंग वाचवलं तर चेंडू जवळच्याच्या हातात. हुक मारला तर सीमेवर झेल. लेगकडे सरकून ऑफला मारायला गेला तर स्टंप उघडे. काहीच केलं नाही तर चेंडू अंगावर. तेव्हा शिरस्त्राण नव्हतं, छातीचं कवच नव्हतं. पायाला पॅड, हातात मोजे आणि डोक्यावर कापडी टोपी. ऑस्ट्रेलियन वार्ताहरांनी या चालीला ‘बॉडीलाइन’ नाव दिलं. इंग्लंडचे लोक तिला शेवटपर्यंत ‘फास्ट लेग थिअरी’च म्हणत राहिले.

नियमाविरुद्ध यात काही नव्हतं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण खेळाच्या मूळ कल्पनेला ही चाल सोडून होती हेही तितकंच खरं, आणि माझं मत त्याच बाजूचं आहे. फलंदाजाला स्टंप राखण्याऐवजी जीव राखायला लावायचं, हा क्रिकेटचा सामना उरत नाही. लारवूडलाही मी भोळा समजत नाही. ब्रॅडमनवर त्याचा राग होता, चालीवर विश्वास होता आणि ती तो मनापासून राबवत होता.

मालिका त्याने गाजवली. सिडनीच्या पहिल्या कसोटीत ब्रॅडमन खेळला नाही. ऑस्ट्रेलियाच्या स्टॅन मॅककेबने बेधडक १८७ नाबाद काढल्या, तरी लारवूडने दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेऊन सामना इंग्लंडकडे ओढला. मेलबर्नला ब्रॅडमन आला, पहिल्याच चेंडूवर इंग्लंडच्या बोव्जने त्याचा त्रिफळा उडवला. दुसऱ्या डावात त्याने नाबाद १०३ केल्या आणि ऑस्ट्रेलिया जिंकली. मग ॲडलेड.

वुडफुलला लागलं त्या दिवशी संध्याकाळी इंग्लंडच्या संघाचे व्यवस्थापक पेल्हॅम वॉर्नर विचारपूस करायला ऑस्ट्रेलियाच्या खोलीत गेले. मैदानावर दोन संघ आहेत आणि त्यांतला एकच क्रिकेट खेळतोय, अशा अर्थाचं उत्तर वुडफुलने दिलं. ते बाहेर फुटलं, सोमवारी वर्तमानपत्रांत आलं आणि ते कोणी फोडलं यावरून ऑस्ट्रेलियाच्याच खेळाडूंत पुढे अनेक वर्षं वैर राहिलं. त्याच सोमवारी ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक बर्ट ओल्डफिल्ड ४१ वर खेळत असताना लारवूडचा चेंडू हुक करायला गेला, बॅटची कड लागून चेंडू डोक्यावर आदळला आणि कवटीला तडा गेला. तेव्हाही लेगचं जाळं लावलेलं नव्हतं. चूक माझीच होती, असं ओल्डफिल्डने स्वतः सांगितलं. ते ऐकायला कोणी तयार नव्हतं. १८ जानेवारीला ऑस्ट्रेलियन क्रिकेट मंडळाने लंडनला, इंग्लिश क्रिकेटचा कारभार पाहणाऱ्या एमसीसीकडे तार धाडली. तिच्यात अखिलाडूपणाचा आरोप होता आणि हे थांबलं नाही तर दोन देशांचे संबंध बिघडतील असा इशाराही. एमसीसी चिडली, दौरा रद्द करायचा असेल तर करा म्हणाली. शेवटी ऑस्ट्रेलियाने अखिलाडूपणाचा तो शब्द मागे घेतला. मालिका इंग्लंडने ४-१ अशी जिंकली. लारवूडचे ३३ बळी, सरासरी १९.५१. ब्रॅडमनच्या ३९६ धावा, सरासरी ५६.५७, आणि चार वेळा तो लारवूडचाच बळी.

याच संघात दोन माणसांनी नकार दिला होता. एक नवाब पतौडी, थोरले. लेगच्या जाळ्यात उभं राहायला त्यांनी नाही म्हटलं. पहिल्या कसोटीत शतक काढूनही दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना पुन्हा खेळवलं नाही. दुसरा वेगवान गोलंदाज गबी ॲलन. मी असली गोलंदाजी टाकणार नाही, असं त्याने जार्डिनला तोंडावर सांगितलं, सरळ मार्गाने मालिकेत २१ बळी घेतले आणि संघातही राहिला. दोघंही हौशी. ॲलनला हाकललं असतं तरी त्याची चूल विझणार नव्हती. खाणीतून आलेल्या पगारी गोलंदाजाला कर्णधाराला असं सांगता आलं असतं का?

शेवटच्या कसोटीतला एक प्रसंग लारवूड आणि जार्डिन यांचं नातं नेमकं दाखवतो. सिडनीला लारवूड रात्र राखायला चौथ्या क्रमांकावर गेला आणि दुसऱ्या दिवशी ९८ धावा करून बाद झाला. झेल घेतला बर्ट आयर्नमाँगरने, ज्याच्या हातात झेल टिकत नाही अशी ख्याती होती. लारवूडला दौराभर शिव्या घालणारं सिडनी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मग ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात, त्या टणक जमिनीवर महिनोन्‌महिने आपटून त्याच्या डाव्या पायाचं हाड मोडलं. त्याला धावता येईना. जार्डिनने षटक पूर्ण करायला सांगितलं. उरलेले चेंडू त्याने जागच्या जागी उभं राहून टाकले. मग बाहेर जाऊ का, असं विचारल्यावर जार्डिन म्हणाला, ब्रॅडमन खेळतोय तोवर नाही. लंगडा लारवूड कव्हरच्या बाजूला उभा राहिला, केवळ ब्रॅडमनच्या मनावर दडपण राहावं म्हणून. ७१ वर इंग्लंडच्या व्हेरिटीने ब्रॅडमनला त्रिफळाचीत केलं आणि मग दोघे एकाच वेळी मैदानाबाहेर गेले. शेजारी शेजारी, एक शब्दही न बोलता.

कसोटीच्या मैदानावरून लारवूड परतला तो कायमचाच.

इंग्लंडमध्ये सुरुवातीला विजयाचा आनंद होता. त्या दिवसांत दूरचित्रवाणी नव्हती. तारेने येणाऱ्या बातम्यांवरून काय घडलं ते लंडनला नीट कळलेलं नव्हतं. १९३३ च्या उन्हाळ्यात वेस्ट इंडिजच्या कॉन्स्टंटाइन आणि मार्टिनडेल यांनी तीच चाल इंग्लंडमध्ये खेळून दाखवली तेव्हा डोळे उघडले. जार्डिनने ओल्ड ट्रॅफर्डला तिच्यापुढे ठाम उभं राहून १२७ केल्या, हे त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो संघ घेऊन आपल्या जन्मगावी आला. बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथनी ११८ केल्या. लारवूड त्या संघात नव्हता, पण आखूड वेगवान मारा इथेही झाला. कोलकात्यात भारताच्या दिलावर हुसेनच्या डोक्याला आणि मद्रासला नाऊमलच्या चेहऱ्याला लागलं.

१९३४ मध्ये ऑस्ट्रेलिया इंग्लंडला येणार होती. दौरा मोडायला नको होता, तिकिटांचा पैसा हवा होता, साम्राज्यातलं ऐक्यही जपायचं होतं. जार्डिनने आपण ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळणार नाही असं जाहीर करून टाकलं आणि तो सन्मानाने बाजूला झाला. राहिला लारवूड. इंग्लंडकडून पुन्हा खेळायचं असेल तर दौऱ्यातल्या गोलंदाजीबद्दल एमसीसीची माफी माग, असं त्याला काउंटीतल्या बड्या मंडळींच्या तोंडून सांगण्यात आलं. त्याने नाही म्हटलं. कर्णधार एमसीसीचा, व्यवस्थापक एमसीसीचा, दौराही एमसीसीचा. माझ्या कर्णधाराने जे सांगितलं ते मी केलं, माफी कसली मागू?

कर्णधारापुढे ‘नाही’ म्हणता येणं ज्याला परवडलं नव्हतं, त्याने सत्तेपुढे ते म्हटलं आणि किंमत मोजली. मला लारवूडचं मोठेपण ३३ बळींपेक्षा इथे दिसतं. वॉर्नर दौऱ्याचे व्यवस्थापक होते. दौऱ्याआधीच्या उन्हाळ्यात बोव्जच्या आखूड गोलंदाजीवर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर टीका केलेली होती. म्हणजे धोका त्यांना पुरता ठाऊक होता आणि तरी ऑस्ट्रेलियात त्यांच्या डोळ्यांदेखत हे सगळं घडलं. त्यांच्याकडे कोणी माफीनामा मागितला नाही. उलट पुढे त्यांना सरदारकी मिळाली. समिती नामानिराळी राहिली. दोष सगळा खांद्याने काम करणाऱ्याच्या माथी आला. बिल व्होस नंतर इंग्लंडकडून खेळला, १९३६-३७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरही गेला. लारवूडने १९३६ च्या हंगामात ११९ बळी १२.९७ च्या सरासरीने घेतले, देशात पहिला आला. त्याला बोलावणं आलं नाही. १९३८ मध्ये तो निवृत्त झाला.

दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याने ब्लॅकपूलला गोळ्या-चॉकलेटचं छोटं दुकान टाकलं. दुकानावर स्वतःचं नाव मोठ्याने मिरवलं नाही, ओळखीची माणसं यावीत अशी त्याची इच्छाच नव्हती. तिथे त्याला शोधत आला जॅक फिंगलटन. हा १९३२-३३ मध्ये त्याच्याच चेंडूंचा मार खाल्लेला ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर, पुढे पत्रकार झालेला. त्याने सुचवलं, ऑस्ट्रेलियाला ये. १९५० मध्ये लारवूड पत्नी आणि पाच मुलींना घेऊन ‘ओरँटीझ’ जहाजावर चढला. १९३२ मध्ये जार्डिनचा संघ घेऊन गेलेलं हेच ते जहाज. सिडनीला उतरल्यावर सुरुवातीला हॉटेलात राहिले, तर त्या खर्चातला अर्धा वाटा माजी पंतप्रधान बेन चिफली यांनी गुपचूप उचलला होता. ज्या शहराने त्याला सर्वांत जास्त शिव्या दिल्या, त्याच शहराच्या किंग्जफर्ड भागात एक साधं घर घेऊन तो राहिला. शीतपेयांच्या कंपनीत नोकरी केली. ऑस्ट्रेलियन लोक त्याच्याशी प्रेमाने वागले. दुखापत झालेला ओल्डफिल्डही त्याचा मित्र झाला.

घरात एक चांदीचं रक्षापात्र होतं. जार्डिनने दिलेलं. त्यावर कोरलेलं, हॅरॉल्डला ॲशेससाठी, कृतज्ञ कर्णधाराकडून. जार्डिन १९५८ मध्ये वारला. त्याच्याविषयी वाईट शब्द लारवूडने कधी काढला नाही. क्रिकेटच्या प्रशासकांविषयीचा सल मात्र अखेरपर्यंत राहिला.

त्याच्या गोलंदाजीने क्रिकेटचे नियम बदलायला लावले. १९३४ मध्येच एमसीसीने फलंदाजावर थेट मारा गैर ठरवला. नंतर लेगला, फलंदाजाच्या मागच्या बाजूला, दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक ठेवायचे नाहीत अशी मर्यादा आली, ती आजही आहे. आज मुंबईतल्या कुठल्याही मैदानावर शाळकरी सामन्यात तिसरा क्षेत्ररक्षक तिथे गेला की पंच नो-बॉल देतो, तो या मालिकेमुळे. आता शिरस्त्राणं आली, षटकातल्या बाउन्सरांची संख्याही ठरली. पण हे नियम फलंदाजाला वाचवतात. हुकूम पाळणाऱ्या गोलंदाजाला हुकूम देणाऱ्यांपासून वाचवणारा नियम क्रिकेटच्या पुस्तकात नाही.

ट्रेंट ब्रिजवर आता लारवूड आणि व्होस यांच्या नावाचं स्टँड आहे. १९९३ मध्ये, पंतप्रधान जॉन मेजर यांच्या काळात, ब्रिटिश सरकारने त्याला एमबीई हा किताब दिला, तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. २२ जुलै १९९५ ला सिडनीत तो वारला. त्याने माफी मागितली नाही आणि त्याची माफीही कोणी मागितली नाही. एकूण कसोटी २१, बळी ७८. शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचं वय २८ होतं.